पैगंबराचा वारस कोण?



जगात कोठे स्फोट झाला, कोठे सत्तांतर झाले, की परदेशातील आपल्या घरगुती बैठकांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : "इस्लाममध्ये धर्म आणि राजकारण वेगळे करताच येत नाही." गंमत अशी की, हे वाक्य इस्लामचे कडवे पुरस्कर्ते जितक्या ठामपणे उच्चारतात, तितक्याच ठामपणे त्याचे कडवे विरोधकही उच्चारतात. दोन टोकांच्या माणसांचे इतके एकमत व्हावे, एवढे एकच कारण ते विधान तपासून पाहण्यास पुरेसे आहे. ज्यांचे शेजारी आणि सहकारी मुस्लिम आहेत, अशा आपण स्थलांतरितांनी तर ते तपासलेच पाहिजे.

राजकीय क्रांतीच्या आधी सामाजिक व धार्मिक क्रांती व्हावी लागते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या प्रबंधात दाखवून दिले. त्यासाठी दिलेल्या दाखल्यांत अरबांचाही दाखला होता. अरब ही राजकीय शक्ती होण्यापूर्वी महंमद पैगंबरांनी त्यांच्यात धार्मिक क्रांती घडविली होती. आधी धर्मक्रांती, मग राज्य, असा हा क्रम आहे. प्रश्न उरतो तो पुढचा. त्या क्रांतीचा वारसा राज्यकर्त्याला आपोआप मिळतो काय?

इ. स. ६३२ मध्ये पैगंबरांचे निधन झाले आणि हा प्रश्न त्याच दिवशी उभा राहिला. त्यांनी उत्तराधिकारी नेमला नव्हता, असे सुन्नी मानतात. अलींना नेमले होते, असे शिया मानतात. पहिले खलिफा अबू बकर उपस्थितांच्या निष्ठेच्या शपथेने आले, उमर त्यांच्या नियुक्तीने, तर उस्मान सहा जणांच्या मंडळाच्या निवडीने. राज्यरचनेची एकच ईश्वरी पद्धत ठरलेली असती, तर ही विविधता दिसली नसती. पहिल्या चार खलिफांपैकी तिघांची हत्या झाली. पुढे मुआवियांच्या हातून खिलाफत वंशपरंपरागत झाली आणि ६८० साली करबलाच्या मैदानात खलिफाच्याच सैन्याने पैगंबरांचे नातू हुसेन यांना ठार केले. धर्माच्या नावाने चालणाऱ्या सत्तेचा बळी पैगंबरांच्या घरातच पडला.

८३३ साली बगदादच्या खलिफा मामूनने कुराण हे निर्मित आहे की अनादी, या वादात आपले मत विद्वानांवर लादले आणि त्यांची चौकशी आरंभिली. अहमद इब्न हंबल नमले नाहीत. त्यांनी तुरुंग सोसला, पुढच्या खलिफाच्या काळात फटकेही सोसले. अखेर ही चौकशीच गुंडाळावी लागली. इब्न हंबल उदारमतवादी नव्हते. परंतु धर्माचा अर्थ सांगण्याचा अधिकार सिंहासनाला नाही, ही गोष्ट त्यांनी आपल्या पाठीवर वळ उमटवून घेऊन सिद्ध केली.

पुढे खिलाफत तुर्की सुलतानांकडे गेली. ती वाचविण्यासाठी हिंदुस्थानात १९१९ पासून चळवळ उभी राहिली. परंतु ३ मार्च १९२४ रोजी खुद्द तुर्कस्तानच्या संसदेनेच ती विसर्जित केली. रिकाम्या आसनाकडे अनेकांचे डोळे लागले. इजिप्तच्या राजा फुआदचे नावही त्यांत घेतले जात होते. अशा वेळी, १९२५ साली, अल्‌ अझरमध्ये शिकलेल्या अली अब्दुल राझिक या शरियत न्यायाधीशाने एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे प्रतिपादन असे : पैगंबरांचा अधिकार हा प्रेषिताचा, आत्मिक अधिकार होता, प्रेषितत्व त्यांच्याबरोबर संपले, त्यामुळे त्याचा वारस कोणीच असू शकत नाही. कुराण अमुकच शासनपद्धती सांगत नाही. खिलाफत तलवारीवर उभी राहिली. मुसलमानांनी आपले राज्य विवेकाने व अनुभवाने घडवावे.

अल्‌ अझरच्या वरिष्ठ उलेमांनी त्याच वर्षी त्यांना विद्वानांच्या श्रेणीतून काढून टाकले. न्यायाधीशपदही गेले. त्यांना बडतर्फ करण्यास कचरणाऱ्या न्यायमंत्र्यालासुद्धा पद गमवावे लागले.

अब्दुल राझिक यांचा विजय झाला, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. १९२८ साली इजिप्तमध्येच मुस्लिम ब्रदरहूडची स्थापना झाली. १९७९ नंतर इराणमध्ये निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या वर धर्मशास्त्रज्ञाची सत्ता बसविण्यात आली. नजफचे आयातुल्ला खोई यांच्यासारख्या श्रेष्ठ शिया विद्वानाला हा सिद्धांत मान्य नव्हता, तरीही. २०१४ साली मोसुलमध्ये एकाने स्वतःला खलिफा घोषित केले आणि त्या राजवटीने यझिदींचा संहार मांडला. या अत्याचारांवर पांघरूण घालणे हा पुरोगामीपणा नव्हे.

परंतु हा इतिहास एक गोष्ट निःसंशय सांगतो. धर्म आणि सत्ता यांचे नाते इस्लाममध्ये एकदाच, कायमचे ठरलेले नाही. त्याविषयी चौदा शतके वाद चालू आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, परंतु राजकारणातील भक्ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. प्रेषिताला दिलेली निष्ठा राज्यकर्त्याने आपल्या पदरात पाडून घेऊ नये, हे अब्दुल राझिक यांचे म्हणणे याहून फारसे निराळे नव्हते.

म्हणून पुढच्या बैठकीत ते ठरीव वाक्य ओठांवर आले, तर क्षणभर थांबावे. मुस्लिम शेजाऱ्याला "तुमचा धर्म बदलूच शकत नाही" असे आपण सांगतो, तेव्हा आपण त्या धर्मातील सुधारकाच्या बाजूने उभे नसतो. आपण नकळत १९२५ च्या त्या उलेमांच्या शेजारी जाऊन बसलेले असतो आणि एका एकाकी न्यायाधीशाला पुन्हा एकदा बडतर्फ करीत असतो. जन्माने मिळालेली व्यवस्था अटळ आहे, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकविले गेले आणि ज्यांनी ते खोटे ठरविले, त्यांच्या तोंडी तरी ही भाषा शोभत नाही.

जयभीम!