पाचशे चाळीस सुया

आमचे तळेगाव (श्यामजी पंत) नागपूर-अमरावती हमरस्त्यावरचे गाव. या रस्त्याने पूर्वी गावात काय यायचे, तर नागपूरचे वर्तमानपत्र, औषधे आणि पाहुणे. आता त्यात कुरिअरवाल्या पोराची भर पडली आहे. बियाण्याच्या दुकानापासून गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत तो रोज काही ना काही पोचवतो. गेल्या दिवाळीनंतर असेच एक खोके आमच्या ओसरीवर येऊन पडले. मागवले होते माझ्या भाचीने, भावाच्या मुलीने. तिचे लग्न मे महिन्यात ठरले होते आणि तोवर ती आमच्याकडे राहायला आली होती.

खोक्यात दोन डब्या आणि प्रत्येकीत एक छोटेसे यंत्र. भिंतीला रंग द्यायचा रोलर अंगठ्याएवढा करावा आणि त्यावर साळिंदराचे काटे बसवावेत, तसे. डबीवर लिहिले होते, ५४० सुया.

"ही तुझी वं आत्या. तुझ्या गालावरच्या खड्ड्यांसाठी," भाची म्हणाली. "आणि ही माझी."

माझ्या गालांवर तरुणपणीच्या पुटकुळ्यांचे खड्डे आहेत. बँकेच्या नोकरीत आणि संसारात त्यांच्याकडे लक्ष द्यायला सवड झाली नाही. निवृत्त झाल्यावर मात्र आरशासमोर वेळ जाऊ लागला, हे कबूल करते. तेव्हा "या वयात काय हे" असे म्हणत म्हणतच मी ती डबी उघडली. उघडण्याआधी वाचली, हा बँकेचा संस्कार. बनवणाऱ्याचे नाव नाही, पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, सुया निर्जंतुक केल्या आहेत की नाही याचा उल्लेख नाही. एखाद्या कर्जप्रकरणात असा कागद आला असता तर मी तो टेबलावरही ठेवू दिला नसता. चेहऱ्यावर मात्र फिरवला.

माझ्या रोलरच्या सुया ०.३ मिलिमीटर लांबीच्या होत्या, भाचीच्या १.५ मिलिमीटर. या दोन आकड्यांतच या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे, पण ते मला नंतर कळले. आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे मी तो फिरवला. फार दुखले नाही. चेहरा तासभर लाल व्हायचा, संध्याकाळपर्यंत पूर्ववत. सहा आठवड्यांनी खड्डे होते तिथेच आणि तसेच होते. शेजारच्या काकूंना मात्र मी "टवटवीत" वाटले. त्यांना मी रोलरचे सांगितलेले होते, हेही खरे.

सुईने कातडी टोचण्याची आपल्याला नवलाई नाही. माझ्या आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदणाचे हिरवे ठिपके होते. माझ्या डाव्या दंडावर देवीच्या लशीचा व्रण आहे. १९६०च्या दशकात देवी काढायला जो माणूस यायचा, त्याच्याजवळ बारीक दात्यांची एक चकती असायची. लशीचा थेंब ठेवायचा आणि ती चकती कातडीवर फिरवायची. पोरे किंचाळत. पण त्या टोचण्यामुळेच १९७५ साली देवीचा शेवटचा रुग्ण नोंदवून हा देश त्या रोगातून सुटला.

गंमत अशी की, आजच्या रोलरचे मूळही गोंदणातच आहे. कॅनडातील मॉन्ट्रियलच्या कामिराँ आणि डूसे या डॉक्टरांनी पांढरट व्रणांवर कातडीच्या रंगाचे गोंदण करून ते झाकायचा प्रयत्न केला. काही काळाने रंग उडून गेला, पण व्रण मऊ झाले होते, त्यांना मूळचा रंग आला होता. मग त्यांनी गोंदायचे यंत्र शाईविना चालवून पाहिले आणि १९९७ साली ते प्रसिद्ध केले. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनचे प्लास्टिक सर्जन डेस्मंड फर्नांडिस यांनी सुया नळकांड्यावर बसवल्या आणि रोलर तयार झाला. म्हणजे ही मूळची शल्यचिकित्सकांची वस्तू, व्रणांसाठी केलेली.

तिचे काम चालते ते असे. सुई आत गेली की बारीकशी जखम होते. शरीर ती भरून काढायला धावते, रक्तातल्या बिंबिका तिथे जमतात, निरोप जातात आणि कातडीच्या आतल्या थरात कोलॅजन नावाचे नवे धागे विणले जातात. याला आठवडे नव्हे, महिने लागतात. पण ही सारी विणकामाची जागा आतल्या थरात आहे. चेहऱ्यावरचा वरचा थर साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचा असतो, त्याखाली हा आतला थर सुरू होतो. व्रणाखाली नीट पोचायचे तर सुई एक-दीड मिलिमीटर लागते. अंदाज यावा म्हणून सांगते, आपल्या एटीएम कार्डाची जाडी सुमारे पाऊण मिलिमीटर असते. भाचीची सुई दोन कार्डांच्या जाडीइतकी खोल जाणारी होती, माझी अर्ध्या कार्डाइतकीही नव्हती.

आता हिशेब मांडा. घरी वापरायला त्यातल्या त्यात निर्धोक म्हणतात ती ०.२ ते ०.३ मिलिमीटरची सुई. ती खड्डे भरण्याइतकी खोल जातच नाही. फार तर वरून लावलेले औषध थोडे जास्त आत झिरपते. आणि खड्डे भरू शकते ती सुई घरात चालवण्याजोगी नाही, कारण तिने रक्त येते. तिला निर्जंतुक खोली लागते, भूल देणारे मलम लागते आणि कुठे थांबायचे हे जाणणारा हात लागतो. विकणारा मात्र लहान सुईची सुरक्षितता आणि मोठ्या सुईचा गुण असे दोन्ही एकाच डबीवर छापतो. छत्तीस वर्षे बँकेत काढली, ठेवीइतकी सुरक्षित आणि सट्ट्याइतकी फायद्याची योजना घेऊन येणारे एजंट पुष्कळ पाहिले. त्यांच्या आणि या डबीच्या भाषेत मला फारसा फरक दिसला नाही.

भाचीचे काय झाले ते सांगायला हवे. फेब्रुवारीच्या शेवटी तिने तो दीड मिलिमीटरचा रोलर दोन्ही गालांवर फिरवला. रक्ताचे ठिपके आले. "आले म्हणजे काम होते आहे," असे तिने फोनवरच्या चित्रफितीत ऐकले होते. त्यावर लगेच क जीवनसत्त्वाचे द्रव लावले. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मधल्या काळात तिच्या धाकट्या बहिणीनेही तोच रोलर वापरला, कंगवा वापरावा इतक्या सहजपणे. गरम पाण्याने धुतला होता, असे दोघींनी मला शपथेवर सांगितले. मार्चचे आमच्याकडचे ऊन कसे असते हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. संत्र्याच्या बागेत एका कार्यक्रमाला ती दुपारभर उन्हात होती. महिनाअखेर दोन्ही गालांवर काळसर चट्टे उमटले.

आपल्या सावळ्या कातडीचा हा स्वभाव आहे. जखम झाली, आग झाली की ती तिथे जास्तीचा रंग तयार करते, आणि उन्हाने तो गडद होतो. नागपूरच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी हेच समजावले. त्या रागावल्या नाहीत, याचे मला बरे वाटले. डॉक्टरांच्या हातात हीच सुई आपल्या रंगाच्या कातडीला लेसरपेक्षा पुष्कळदा सोयीची पडते, असेही म्हणाल्या. मग त्यांनी विचारायचे ते सारे विचारले. चेहऱ्यावर ताज्या पुटकुळ्या होत्या का? ओठांवर जर फुटते का? जखमेचा व्रण फुगून वर येण्याची घरात कुणाला खोड आहे का? मधुमेह? माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही रक्त पातळ व्हायच्या गोळ्या घेता का?" यातला एकही प्रश्न डबीने आम्हाला विचारला नव्हता. दोघी बहिणींच्या रक्ताच्या तपासण्या त्यांनी करायला लावल्या. त्या निर्दोष निघेपर्यंतचे दिवस माझ्या भावाने कसे काढले ते मी पाहिले आहे.

ही भीती वायफळ नव्हती. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात, आल्बुकर्क शहरातल्या एका विनापरवाना सौंदर्यकेंद्रात २०१८ साली असा सुयांचा आणि रक्ताचा उपचार घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघडकीस आले. तशा तिघींना ती बहुधा तिथूनच झाली, असा अहवाल तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने २०२४ साली दिला. त्याआधी २०१४ साली तिथल्याच त्वचारोगाच्या एका नामांकित नियतकालिकात तीन बायकांची हकीकत आली होती. सुया टोचल्यावर लावलेल्या द्रवांच्या प्रतिक्रियेने त्यांच्या चेहऱ्यावर गाठी आल्या. त्यातही क जीवनसत्त्वाचे द्रव होतेच. वरून लावायला केलेली वस्तू कुंपण मोडून आत गेली की शरीर तिला परकी मानू शकते.

मग हे सौंदर्यसाधन की वैद्यकीय उपकरण? सौंदर्य आणि औषध यांच्यातली ही हद्द आपल्याला अनोळखी नाही. विकोचे हळदीचे मलम प्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावरून नागपूरच्या केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याचा आणि कंपनीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मलम औषध ठरले. तिथे प्रश्न करआकारणीचा होता, तरी एवढा खल झाला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुरुमांच्या व्रणांसाठी असे पहिले सुईयंत्र २०१८ साली मंजूर केले, तेही प्रशिक्षित व्यक्तीच्या हाताने वापरण्यासाठी. आपल्याकडे १ एप्रिल २०२०पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधाच्या व्याख्येत आली. पण आमच्या ओसरीवर आलेल्या डबीवर "ब्युटी टूल" एवढेच छापलेले होते. दीड मिलिमीटरची सुई रक्त काढते, तर तिला कंगव्याच्या रांगेत बसू देता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे. निदान सुईच्या लांबीवर तरी मर्यादा घाला.

याच सुमारास गल्लीतली एक बाई तिच्या नातवाला घेऊन आली. पोराच्या गालावर फिकट चट्टा होता. "तुमचे ते सुयांचे मशीन देता का?" मी चरकले. आमचा जिल्हा वर्ध्याचा. मनोहर दिवाणांनी १९३६ साली दत्तपूरला महारोग्यांसाठी काम उभे केले, सेवाग्रामात परचुरे शास्त्रींच्या जखमा गांधीजींनी स्वतः धुतल्या, गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचे ठाणे वर्ध्यालाच. इथल्या जुन्या माणसांना फिकट चट्टा म्हटले की आधी एकच गोष्ट तपासायची हे ठाऊक असते: तिथे स्पर्श कळतो का? कापसाचा बोळा नाहीतर पिसाचे टोक लावून पाहतात. ज्या चट्ट्यावर टोचलेले कळत नाही तो सरकारी दवाखान्यात दाखवायचा, औषध फुकट मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. त्यावर रोलर फिरवला असता तर "अजिबात दुखत नाही" म्हणून घरात कौतुकच झाले असते. पोराला दवाखान्यात पाठवले. साधा चट्टा निघाला, मुलांना होतो तसा.

मुलींना दोष देऊन मोकळे व्हायला मी तयार नाही. आमच्या वेळी मुलगी पाहायला आलेले लोक सतरंजीच्या पलीकडून पाहत. आता चेहरा फोनवर वीतभर अंतरावरून पाहिला जातो, मोठा करून पाहिला जातो, आणि तो पाहणारी पहिली व्यक्ती ती स्वतः असते. स्थळाच्या माहितीत "नितळ" हा शब्द लिहिणारे आपणच, वडीलधारे. माझ्या एका कादंबरीत मी एका खलनायकाच्या गालावर व्रण दिला होता. का दिला, याचे मला आज उत्तर देता येत नाही. त्याच्या दुष्टपणाला त्या व्रणाची काही गरज नव्हती.

लग्न मे महिन्यातच झाले. डॉक्टरीणबाईंनी ऊन टाळायला, ऊन अडवणारे मलम लावायला आणि बाकी काहीही न करायला सांगितले होते. चट्टे थोडे फिकटले होते, पुरते गेले नव्हते. त्याला महिने लागतील, असे त्यांनी आधीच बजावले होते. हळदीच्या दिवशी नवरदेवाच्या आईने विचारले, "गालाला काय झाले ग?" भाचीने सगळे सांगून टाकले, सुयांच्या संख्येसकट. ती बाई क्षणभर थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "माझ्या मुलीनेही मागवला आहे. किती मिलिमीटरचा ते पाहायला पाहिजे."

दोन्ही रोलर मी जाड प्लास्टिकच्या बरणीत घालून झाकण चिकटपट्टीने बंद केले. घंटागाडीत टाकले असते तर कचरा वेचणाऱ्या बाईचा हात कापला असता. बरणी सरकारी दवाखान्यात नेली, तेव्हा तिथल्या परिचारिकेने ती सुयांच्या डब्यात रिकामी केली आणि मला विचारले, "बाई, यात इन्सुलिनच्या सुया होत्या का?"