मागणी मंदावली, की सोपं गिऱ्हाईक संपलं?

'इलेक्ट्रिकचा फुगा फुटला रे!' हे वाक्य मी गेल्या वर्ष-दीड वर्षात इतक्या वेळा ऐकलंय की आता मोजणं सोडून दिलंय. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, नातेवाइकांच्या ग्रुपवर, नगरला गेलं की सावेडीतल्या चहाच्या टपरीवर, सगळीकडे तेच. आणि पुरावा म्हणून नाव घेतलं जातं ते टाटाचं. म्हटलं, या वीकेंडला एकदा नीट आकडे मांडूनच बघू.

टाटा मोटर्सने २०२३-२४ या आर्थिक वर्षात सुमारे ७४ हजार इलेक्ट्रिक गाड्या विकल्या. २०२४-२५ मध्ये हाच आकडा ६४ हजारांच्या आसपास आला. म्हणजे १३ टक्क्यांची घसरण. नगर-पुणे हायवेवर रांजणगावला ज्या कारखान्यात नेक्सॉन बनते त्या कंपनीचा हा आकडा. फुगेवाले खूश!

पण थांबा. त्याच दोन वर्षांत देशातल्या एकूण इलेक्ट्रिक कारची नोंदणी सुमारे ९१ हजारांवरून १ लाख ७ हजारांच्या घरात गेली. कंपनी खाली, बाजार वर! कारण साधं आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये एमजीची विंडसर आली, बॅटरी भाड्याने आणि गाडी दहा लाखांच्या आत असं गणित घेऊन. टाटाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर होता, तो पंचावन्नच्या आसपास आला. गिऱ्हाईक दुकान बदलून गेलं, बाजार सोडून नाही.

हे आपल्या नगरकरांना तरी नवीन नसावं. १९७२ मध्ये कायनेटिकची लूना आली आणि पुढे तिने मध्यमवर्गाला पेट्रोलवर आणलं. नंतर लूनाचा खप घसरत गेला आणि ती बंद झाली. मग काय लोकांनी दुचाकी घेणं थांबवलं? छे! त्यांनी मोटारसायकली घेतल्या. लूनाचा खप हा एका कंपनीचा प्रश्न होता, दुचाकीची मागणी हा वेगळा. आणि गंमत म्हणजे २०२४ च्या फेब्रुवारीत तीच लूना विजेवर परत आली, नगरच्याच कारखान्यातून.

टेस्लाचंही तेच. २०२३ मध्ये १८.१ लाख गाड्या, २०२४ मध्ये १७.९ लाख, २०२५ मध्ये १६.४ लाखांच्या आसपास. पण २०२४ मध्ये जगभरात प्लग-इन हायब्रिड धरून १.७ कोटींच्या वर गाड्या विकल्या गेल्या, आदल्या वर्षी त्या १.४ कोटींच्या आसपास होत्या. बीवायडीने २०२५ मध्ये निव्वळ बॅटरीच्या गाड्यांतही टेस्लाला मागे टाकलं. तिथेही दुकानच बदललं.

असो. म्हणजे सगळं छान चाललंय का? तसंही नाही. टाटाच्या घसरणीचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ३१ मार्च २०२४ ला केंद्राची फेम-२ योजना संपली. या योजनेत खाजगी कारला अनुदान नव्हतं, टॅक्सी म्हणून चालणाऱ्या कारला होतं. ते गेलं आणि टॅक्सी कंपन्यांची घाऊक खरेदी आटली.

याचं गणित करून बघा. समजा इलेक्ट्रिक गाडी बरोबरीच्या पेट्रोल गाडीपेक्षा तीन लाखांनी महाग आहे. पेट्रोल किलोमीटरला साधारण सात रुपये खातं, घरची वीज दोन रुपये. महिन्याला १००० किलोमीटर चालवणाऱ्याचे पाच हजार वाचतात, तीन लाख वसूल व्हायला पाच वर्षं. ५०० किलोमीटर चालवणाऱ्याला दहा वर्षं! आठवड्यातून तीन दिवस घरून काम करणारे आपण बहुतेक याच रांगेत. टॅक्सीवाला मात्र ३००० किलोमीटर चालवतो. त्याने बाहेरच्या चार्जरवर साडेतीन रुपये किलोमीटरला मोजले तरी त्याचे पैसे अडीच वर्षांच्या आत सुटतात. म्हणजे जिथे ही गाडी सगळ्यात जास्त परवडते, तिथलाच आधार आपण काढून घेतला. आता बोला!

शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. इलेक्ट्रिकवर आधीपासूनच ५ टक्के, तो तेवढाच राहिला. पेट्रोल गाडी स्वस्त झाली म्हणजे वरचा तीन लाखांचा फरक वाढलाच.

तरीही २०२५ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये टाटाने सुमारे २५ हजार इलेक्ट्रिक गाड्या विकल्या, आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा पन्नास टक्क्यांहून जास्त. जूनमध्ये हॅरियर ईव्ही आली होती, स्पर्धेमुळे किमतीही सुधारल्या होत्या. मागणी खरंच मेली असती तर तीन महिन्यांत जिवंत झाली असती का?

माझं मत असं की, मागणी मंदावली नाही, सोपं गिऱ्हाईक संपलं. अनुदानावर घाऊक घेणारा गेला. हौस म्हणून दुसरी गाडी घेणाऱ्यांनी घेऊन झाली. आता पाळी आहे घरात एकच गाडी ठेवणाऱ्याची. आणि तो माणूस पुण्यापेक्षा नगरसारख्या गावात सापडण्याची शक्यता जास्त आहे, असं मला वाटतं. पुण्यात चार्जरच्या एका पॉइंटसाठी सोसायटीच्या तीन मीटिंगा होतात. सावेडीत किंवा केडगावात स्वतःचं घर, स्वतःचं पोर्च, स्वतःचं मीटर. पुणे १२० किलोमीटर, जाऊन-येऊन २४०. मोठ्या बॅटरीची गाडी तेवढं एका चार्जमध्ये करते. हा माणूस अडतो तो वेगळ्याच प्रश्नांवर. आठ वर्षांनी ही गाडी कोण विकत घेईल? बिघडली तर नगरमध्येच दुरुस्त होईल, की टो करून पुण्याला न्यावी लागेल? या दोन प्रश्नांची उत्तरं जी कंपनी देईल, तिची मागणी वाढेल. नुसती रेंज वाढवून हा माणूस हलणार नाही.

हा वाद मला नुसता कॅन्टीनपुरता वाटत नाही, त्याचं कारण नगरची एमआयडीसी. तिथले कितीतरी छोटे कारखाने गाड्यांच्या सुट्या भागांवर चालतात. त्यांतले काही गिअर करतात, काही इंजिनाचे भाग. इलेक्ट्रिक गाडीला क्लच नाही, पिस्टन नाही, सायलेन्सर नाही. 'फुगा फुटला' हे वाक्य तिथल्या मालकाला गोड लागतं. नवीन मशीन घेणं पुढच्या वर्षावर जातं, मग त्याच्याही पुढच्या. आपण गाडी चुकीची घेतली तर फार तर दोन-तीन लाखांचं नुकसान होईल. त्याने एका कंपनीची घसरण म्हणजे अख्ख्या बाजाराची घसरण समजली, तर वीस-पंचवीस लोकांचा पगार जाईल.

म्हणून पुढच्या वेळी कोणी घसरणीचा आकडा तोंडावर फेकला तर एवढंच विचारा: घसरण नक्की कोणाची, आणि सोडून गेलेलं गिऱ्हाईक कुठे गेलं? :-)