मुठीतल्या तांदळाचा हिशेब

आराधना संपते, पादरी पुस्तक मिटतात आणि मंडळीतले एक 'प्राचीन' खिशातून चष्मा काढतात. प्राचीन म्हणजे पंच, वडीलधारे. चारदा घडी घातलेला कागद उलगडून ते सूचना वाचायला लागतात. अमक्याच्या मुलाचं तमकीशी लग्न ठरलंय, कुणाची हरकत असेल तर सांगावी. पलीकडच्या टोल्यातले, म्हणजे वस्तीतले, काका सदर दवाखान्यात आहेत, भेटून या. युवा संघाची फुटबॉल स्पर्धा आहे, पहिलं बक्षीस खस्सी. (खस्सी म्हणजे बोकड. झारखंडात चषकापेक्षा बोकडाला मान जास्त, आणि ते रास्तच आहे.) महिला संघाची बैठक बुधवारी. गेल्या रविवारचा चंदा इतके रुपये, मुठिया इतके किलो.

प्रवचनात मला डुलकी लागते, हे कबूल करते. सूचनांमध्ये कधी लागली नाही.

मी अमरावतीची. बँकेच्या बदलीनं तीन वर्षांसाठी रांचीला आले आणि निवृत्त होऊनही इथंच आहे. शेजारच्या दीदी उराँव आदिवासी, गोस्नर चर्चच्या म्हणजे लुथरन. आमच्यात एक कुंपणाची भिंत आणि तिच्यावर ओणवलेला एक फणस सामायिक आहे. मी ख्रिस्ती नाही, होण्याचा विचारही नाही, आणि इतक्या वर्षांत दीदींनी तो विषय एकदाही काढलेला नाही. त्यांच्यासोबत अधूनमधून गिरजात जाते ती शेजारधर्म म्हणून. दारात भेटणारा प्रत्येक जण 'यीशु सहाय' म्हणतो, मी 'नमस्कार' म्हणते. दोघांचंही काही अडत नाही.

हे सगळं लिहायचं कारण नागपूरचा माझा भाचा. परवा त्यानं इथल्या चर्चच्या परदेशी पैशाबद्दलचा एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, 'मावशी, तुझ्या रांचीत डॉलरचा पाऊस पडतो म्हणे. तुझी छत्री उलटी धर.' मी उत्तरादाखल दीदींच्या स्वयंपाकघरातल्या एका डब्याचा फोटो पाठवला. त्याला काही कळलं नाही. म्हणून आता सविस्तर सांगते, म्हणजे त्याच्यासारख्या इतरांनाही कळेल.

डबा दुधाच्या पावडरीचा आहे, जुना, झाकणाला गंज चढलेला. दीदी भाताचे तांदूळ मोजून घेतात, त्यातली एक मूठ या डब्यात टाकतात आणि मग उरलेले धुतात. सकाळी एक मूठ, संध्याकाळी एक. महिनाअखेर असो, घरात आजारपण असो. पाहुणे आले तर मूठ मोठी भरायची, हा त्यांच्या सासूबाईंनी घालून दिलेला नियम. डबा भरला की तांदूळ पिशवीत, पिशवी रविवारी गिरजात. हीच मुठिया. जमलेले तांदूळ कधी मंडळीतच विकले जातात, कधी प्रचारकाच्या घरी जातात, कधी मेळाव्याच्या पातेल्यात.

बँकेत आयुष्य गेलेलं, त्यामुळे मला मोजल्याशिवाय चैन पडेना. एकदा दीदींची मूठ वजनकाट्यावर रिकामी करून पाहिली. ७० ग्रॅम. माझी ५५ भरली, त्यावर आम्ही दोघीही हसलो. ७० ग्रॅम, दिवसातून दोनदा, महिन्याला चार किलोच्या वर. शंभर घरांची मंडळी धरली तर महिन्याला चार क्विंटल. पावती नाही, फलक नाही, आणि कुणाच्या ताटात भात कमी पडल्याचंही जाणवत नाही.

आपल्याकडे मुष्टिफंड हा शब्द आमच्या आजीच्या पिढीला नवा नव्हता. कर्मवीर भाऊराव पाटलांची वसतिगृहं गावोगावच्या धान्यावर उभी राहिली, हे आपण शाळेत शिकलो. तेव्हा मूठ काय करू शकते, हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. फक्त दुसऱ्याची मूठ दिसली की आपल्याला डॉलर का दिसतात, एवढंच मला विचारायचं आहे.

परदेशी पैसा आलाच नाही, असं मी म्हणणार नाही. २ नोव्हेंबर १८४५ ला बर्लिनच्या योहान्नेस गोस्नरनं धाडलेले चार जर्मन रांचीत पोचले. गोस्नर हा मूळचा कॅथलिक धर्मगुरू, पुढे लुथरन झालेला. आपल्या माणसांनी हातच्या कामावर जगावं, असा त्याचा आग्रह. तरी मेन रोडवरचं क्राइस्ट चर्च काही हातच्या कामावर उभं राहिलं नाही, त्यासाठी पैसा जर्मनीतूनच आला. १८५५ च्या नाताळात ते खुलं झालं आणि दोनच वर्षांत, १८५७ च्या उठावात, त्याच्यावर तोफ डागली गेली. त्या गोळ्याची खूण भिंतीवर अजून आहे. नव्या माणसाला ती दाखवल्याशिवाय इथले लोक सोडत नाहीत. बिरसा मुंडा चाईबासाच्या जर्मन मिशनच्या शाळेत शिकला आणि पुढे मिशनऱ्यांविरुद्धच उभा राहिला. १८९९ च्या नाताळच्या आदल्या रात्री त्याच्या माणसांचे बाण मिशनच्या आवारांत पडले. त्यामुळे गोऱ्या पादऱ्यांना देवदूत ठरवण्याची मला हौस नाही, आणि इथल्या जाणत्या ख्रिस्ती माणसांनाही ती नाही. भांडणांचं म्हणाल तर भरपूर. पहिल्या पंचवीस वर्षांतच जर्मनांमध्ये फूट पडून एक गट अँग्लिकनांकडे गेला. गेल्या शतकात वायव्य गोस्नर चर्च अशी निराळी चूल मांडली गेली. आपल्या सहकारी साखर कारखान्यांचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला यात नवल वाटू नये.

पण १९१९ ची गोष्ट वेगळी आहे. पहिलं महायुद्ध पेटलं, जर्मन म्हणजे शत्रू ठरले. इंग्रज सरकारनं मिशनऱ्यांना स्थानबद्ध केलं आणि मग मायदेशी पाठवलं. पैसा थांबला. मागे राहिले उराँव, मुंडा, खडिया शेतकरी आणि त्यांचे मोजके पादरी. अँग्लिकनांमध्ये विलीन होण्याची वाट मोकळी होती. ती न धरता या लोकांनी १० जुलै १९१९ ला जाहीर केलं की आमचं चर्च आम्हीच चालवू. पहिले अध्यक्ष हनूक दत्तो लकडा. नावातलं 'दत्तो' वाचून मी चमकले होते. आपल्या दत्तोपंतांशी त्याचा काही संबंध नसावा, पण मला ते नाव घरचं वाटतं, त्याला काय करणार?

त्याच काळात इकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक असंच काही मागत होते. अमेरिकन मिशनची नोकरी सोडून १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्त हवा, पण आपल्या मातीतला, मिशनच्या पगाराबाहेरचा. ९ मे १९१९ ला मुंबईत टिळक गेले. बरोबर दोन महिने आणि एक दिवसानं रांचीत भात पिकवणाऱ्यांनी ते करून दाखवलं. टिळकांना ही बातमी ऐकायला मिळायला हवी होती, असं मला दर जुलैत वाटतं. आपल्याकडे टिळकांवर लेख येतात, लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'वर तर येतातच येतात. १० जुलैवर मराठीत चार ओळीही माझ्या वाचनात आलेल्या नाहीत.

तर सध्या सूचनांचा कागद लांबलाय तो १० जुलैच्या मेळाव्यामुळे. भर पावसाळा. भाताची रोपं लावणीला आलेली, त्यामुळे दुरून येणारी माणसं रात्री मुक्कामाला थांबत नाहीत, चिखलाच्या पायांनी येतात आणि संध्याकाळच्या बसनं परततात. मिरवणुकीत बायका पांढऱ्या, लाल काठाच्या साडीत, मांदर वाजतो, गाणी हिंदीत, कुडुखमध्ये, मुंडारीत. जेवण सालाच्या पानांच्या पत्रावळीवर. रस्त्याच्या कडेला रुगडा विकायला बसलेल्या बायका, म्हणजे सालाच्या झाडाखाली पहिल्या पावसात उगवणारी ती गोल, मातकट अळंबी. ती मटणाहून महाग असते आणि तरी मेळाव्यावरून परतणारे घेतातच. दीदींच्या टोल्याकडे या वेळी पत्रावळ्या लावण्याचं काम आहे. गेले आठ दिवस आमच्या फणसाखाली बसून चार बायका पानाला पान टाचताहेत. मलाही बसवलं. माझ्या पत्रावळीतून डाळ गळेल, असा निकाल लगेच लागला, आणि मला पानं पुसायला दिली.

पुढे भाद्रपदाच्या सुमाराला नवाखानी. शेतातल्या नव्या भाताचे पोहे आधी देवाला, मग घराला. हा सण आदिवासींचा, चर्चहून कितीतरी जुना. आता तो गिरजातही होतो. नव्या भाताच्या लोंब्या वेदीपाशी ठेवतात. कोण खरा आदिवासी राहिला आणि कोण नाही, यावर रांचीत मोर्चे निघतात, भाषणं होतात. मला त्या वादातलं सगळं कळतं असं नाही. वेदीपाशी ठेवलेल्या त्या लोंब्या मात्र मी पाहिल्या आहेत. ३१ ऑक्टोबरला लुथरची आठवण, दोन दिवसांनी त्या चार जर्मनांची. आणि मग डिसेंबर.

डिसेंबरबद्दल मात्र माझी तक्रार आहे. इथं नाताळआधी 'गॅदरिंग' होतात. चर्चमध्ये, शाळांत, ऑफिसांत, वस्त्यांत. पूर्वी त्यात नाच, गाणी आणि केक एवढंच असायचं. आता मंच येतो, मंचावर सोफा, सोफ्यावर पुढारी. दोन वर्षांमागे मी गेले होते त्या गॅदरिंगला प्रमुख पाहुणे पावणेदोन तास उशिरा आले. गोठ्याच्या देखाव्यात मेंढ्या झालेली पोरं कापूस चिकटवलेल्या अंगानं थंडीत पेंगुळली होती. पाहुण्यांनी शाल घेतली, रस्त्याचं आश्वासन दिलं, गेले. आमच्या अमरावतीच्या गणेश मंडळांचं जे झालं तेच हे. दीदी घरी येईपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'मुठिया आम्ही दिली, माईक त्यांना मिळाला.'

हे वाक्य मी चर्चच्या पुढाऱ्यांनाही ऐकवेन. कारण मी पाहिलेल्या मंडळीत डबा भरतात बायका, पत्रावळी लावतात बायका, आणि तांदळाचं काय करायचं हे ठरवायला बसतात ते बहुतेक पुरुष. १९१९ ला जर्मनांच्या हातून कारभार घेतलेल्यांनी तो अर्ध्या वाटेवर थांबवू नये. जर्मन गेल्यावर चर्च ज्या डब्यावर तगलं, तो डबा भरणाऱ्या बाईच्या हातात वहीसुद्धा असावी, एवढं साधं हे आहे.

भाच्याचं उत्तर काल आलं. 'मावशी, पण मेन रोडवरची ती मोठी इमारत?' म्हणजे फोटो त्यानं पाहिला होता, फक्त डब्यावर त्याचा विश्वास बसला नव्हता. मी त्याला १० जुलैला बोलावलं आहे. नागपूरहून हावड्याची गाडी पकडायची, टाटानगरला उतरायचं, तिथून रांची काही तासांवर. राहायला माझं घर आहे. तुमच्यापैकी कुणाचे नातलग रांची, बोकारो, जमशेदपूरला असतील तर त्यांनीही त्या दिवशी एखाद्या गोस्नर मंडळीत डोकावावं. ओळख लागत नाही, आमंत्रणही लागत नाही. शाल आणि पुष्पगुच्छ कृपा करून नेऊ नका. किलोभर तांदूळ न्या, आणि छत्री. छत्री सरळच धरावी लागते. जुलैत इथं पाऊस पाण्याचाच पडतो.