कॅसिओची एक पट्टी दाबून धरली की भीती का वाटते? भयपटांतल्या सिंथेसायझरची गोष्ट

समजा, तुम्ही जऊळक्यात आहात. वाशीम जिल्हा, मालेगाव तालुका (नाशिकचं मालेगाव नव्हे), अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचं स्टेशन. रात्रीचे अकरा वाजलेत, लाईट गेलेली आहे, कानात इअरफोन आणि मोबाईलवर भुताचा सिनेमा. तेवढ्यात स्टेशनाकडून मालगाडीचा भोंगा वाजतो. सगळ्या शिवारात ऐकू जाईल एवढा मोठा. तुम्ही कूसही बदलत नाही.

इकडे सिनेमात मात्र काहीच घडत नाहीये. एक रिकामी ओसरी आणि अर्धवट उघडं दार. मागे एक खोल, जाडसर सूर नुसता घुमतोय. भोंग्याच्या मानाने तो काहीच नाही, पण तुमचा हात चादरीकडे जातो.

भोंगा कशाचा हे तुम्हाला माहीत आहे. त्या सुराचं मात्र काही सांगता येत नाही. तो बासरीचा नाही, व्हायोलिनचा नाही, माणसाच्या गळ्यातलाही नाही. भयपटाला सिंथेसायझर एवढा का मानवला, याचं बरंचसं उत्तर इथेच आहे.

विषय पुन्हा चर्चेत आला, कारण २०२५ च्या अखेरीस 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही अमेरिकी मालिका संपली. २०१६ मध्ये ती सुरू झाली, तेव्हापासून काइल डिक्सन आणि मायकल स्टाइन यांचं तिचं सिंथवरचं शीर्षकसंगीत जगभर पोचलं. या आवडीचं एक कारण नेहमी सांगितलं जातं, ते म्हणजे जुन्या दिवसांची ओढ. मालिका १९८० च्या दशकात घडते, तेव्हाचे सिनेमे असेच वाजायचे, म्हणून लोकांना ते भावतं. हे कारण अमेरिकेतल्या पन्नाशीच्या प्रेक्षकाला लागू पडेल. जऊळक्यातल्या वीस वर्षांच्या पोराला ८० च्या दशकातल्या अमेरिकेची कसली आठवण असणार? तरी काटा त्याच्याही अंगावर येतो. म्हणजे कारण आठवणीच्याही खाली कुठेतरी आहे.

घरच्या घरी करून बघा

आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला 'कॅसिओ'च म्हणतात. ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या बँडमध्ये, काही ठिकाणी भजनातही तो असतो. एकसष्ट पट्ट्यांचा कॅसिओ मिळाला तर त्यावर ऑर्गनचा आवाज लावा आणि डावीकडची अगदी शेवटची पांढरी पट्टी दाबून धरा. दहा सेकंद, वीस सेकंद, मिनिटभर. हार्मोनियमवर एवढ्या वेळात भाता अनेकदा हलवावा लागला असता. बासरीवाल्याला श्वास घ्यावा लागला असता. इथे काहीच बदलत नाही. सूर थकत नाही.

आता ती पट्टी न सोडता तिच्या शेजारची काळी पट्टीही दाबा. आवाज एकदम गढूळ होईल आणि आतून कुणीतरी थरथरावं तसा हलायला लागेल. पहिला सूर सेकंदाला सुमारे ६५ कंपनांचा आणि दुसरा सुमारे ६९ कंपनांचा. दोघांत चारचा फरक, म्हणून आवाज सेकंदाला साधारण चार वेळा फुगतो आणि ओसरतो. हार्मोनियमच्या दोन स्वरपट्ट्या एकमेकींशी नीट जुळलेल्या नसल्या की सूर असाच लढतो, हे पेटी वाजवणाऱ्यांना ठाऊक आहे. पेटीवाला ते दुरुस्त करून घेतो. सिंथेसायझर वाजवणारा मुद्दाम घडवून आणतो. तो एकच सूर दोनदा निर्माण करतो आणि दुसऱ्याला किंचित बेसूर करतो. मग त्यावर एक चाळणी लावतो, तिला फिल्टर म्हणतात. ती सुरातला झगझगीत भाग अडवते आणि फक्त खालचा गढूळ भाग पुढे जाऊ देते. ती हळूहळू उघडली, की अंधारातून काहीतरी पुढे सरकत असल्यासारखं वाटतं.

एखादा म्हणेल, एकच सूर सतत वाजणं आपल्याला काय नवीन? तंबोरा तेच करतो. पण तंबोऱ्याची तार प्रत्येक वेळी छेडावी लागते, तिला सुरुवात असते, झणकार असतो, आणि षड्ज-पंचम एकमेकांत मिसळून जातात. तंबोरा बसायला जागा देतो. सिंथचा घुमारा तीच जागा पायाखालून काढून घेतो. त्याची सुरुवात कुठे झाली तेही कळत नाही, कारण तो शून्यापासून इतका सावकाश वर आणता येतो की ऐकू यायला लागल्यावर कळतं, हा तर मघापासून होता. घंटा, ढोल, तार, गळा यांपैकी कशाचाच आवाज इतका चोरपावलांनी सुरू होत नाही.

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि ते इथे फार उपयोगी पडतात. दचकणं वेगळं आणि धास्ती वेगळी. दचकवायला व्हायोलिन पुरतं. हिचकॉकच्या 'सायको'त (१९६०) बर्नार्ड हरमन यांनी फक्त तंतुवाद्यं वापरली आणि न्हाणीघरातल्या त्या प्रसंगात व्हायोलिनला अक्षरशः किंचाळायला लावलं. कॅलिफोर्नियातले जीवशास्त्रज्ञ डॅनियल ब्लूमस्टीन मार्मट नावाच्या खारीच्या कुळातल्या प्राण्यांचा अभ्यास करतात. घाबरलेल्या पिल्लाचा आवाज फाटतो, कर्कश होतो. ब्लूमस्टीन आणि सहकाऱ्यांनी १०२ सिनेमांच्या ध्वनिपट्ट्या तपासल्या आणि २०१० मध्ये मांडलं, की सिनेमावाले भावना चाळवायला अशाच फाटलेल्या आवाजांशी नातं सांगणारे आवाज वापरतात. रात्री टिटवी ओरडली की आपल्याकडे जुनी माणसं 'काहीतरी अशुभ' म्हणतात, त्यातही या कर्कशपणाचा वाटा असावा, असं मला वाटतं.

हे झालं दचकण्याचं. किंकाळीच्या आधीची पाच मिनिटं, ज्यात काहीच घडत नाही आणि काहीतरी घडणार आहे हे ठाऊक असतं, ती सिंथेसायझरची.

तीन दिवस, पैसे नाहीत आणि नसलेला ऑर्केस्ट्रा

हे ज्याने जगाला दाखवलं, त्याच्यापुढे प्रश्न कलेचा कमी आणि पैशाचा जास्त होता. जॉन कारपेंटरचा 'हॅलोवीन' (१९७८) सुमारे ३ लाख डॉलरमध्ये बनला. ऑर्केस्ट्रा परवडणार नव्हता. कारपेंटर स्वतः सांगतात, की संगीत घालण्याआधी त्यांनी सिनेमा एका स्टुडिओतल्या बाईंना दाखवला आणि त्यांना जराही भीती वाटली नाही. मग कारपेंटर यांनी डॅन वायमन यांच्या मदतीने तीनेक दिवसांत सिंथेसायझर आणि पियानोवर संगीत उरकलं. श्रेयनामावलीत वादक म्हणून 'बोलिंग ग्रीन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा' असं भारदस्त नाव दिलं. असा ऑर्केस्ट्राच नव्हता. बोलिंग ग्रीन हे ते वाढले ते गाव. सिनेमाने जगभरात सुमारे ७ कोटी डॉलर कमावले.

त्याची धून पाच मात्रांची आहे आणि चारची सवय असलेल्या पाश्चात्त्य कानाला ती लंगडत चालल्यासारखी वाटते. आपण झपताल ऐकत आलोय, पाचाचं आपल्याला काही वाटू नये. तरी ती धून आपल्यालाही सोडत नाही, कारण ती कुठेच पोचत नाही. समेवर येऊन सुटका करणारं त्यात काही नाही.

तिकडे इटलीत गोब्लिन या बँडने 'सस्पिरिया'साठी (१९७७) सिंथ वापरला होता. पण आपल्याला फार लांब जायची गरज नाही.

मुंबईत हे आधीच पोचलं होतं

१९५४ चा 'नागिन' आठवा. संगीतकार हेमंतकुमार. त्यातली पुंगी देशभर गाजली, पण ती पुंगी नव्हतीच. क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या कीबोर्डवर कल्याणजी यांनी (पुढच्या कल्याणजी-आनंदजी जोडीतले) ती वाजवली आणि रवी यांनी हार्मोनियमची साथ केली. ऐकणाऱ्यांनी डोळे मिटून गारुडी बघितला. यंत्राने दुसऱ्याचं रूप घ्यायचं, हा सिंथेसायझरचा स्वभाव तिथेच दिसला होता.

सत्तरच्या दशकात केरसी लॉर्ड या पारशी वादकाने मूग सिंथेसायझर मुंबईच्या स्टुडिओंत आणला. १९८२ मध्ये चरणजित सिंग या मुंबईच्या वादकाने रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा रागांचा अल्बम काढला. तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही, २०१० मध्ये तो परदेशात पुन्हा निघाला आणि लोक थक्क झाले. भयपट नसलेला हा अल्बमही रात्री एकट्याने ऐकला तर विचित्र वाटतो. राग ओळखीचे, पण गाणारं कुणी नाही.

मग रामसे बंधू. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) महाबळेश्वरला कमी माणसांत, कमी पैशांत झाला, 'पुराना मंदिर' १९८४ चा आणि 'वीराना' १९८८ चा. एरवी आपलं भय गाण्यातून यायचं. 'महल' (१९४९) असो, 'वो कौन थी' (१९६४) असो किंवा हृदयनाथ मंगेशकर यांचं संगीत असलेला मराठी 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) असो, धुक्यातून एक बाई गाते आणि आपण तिच्यामागे जातो. भूत कोण हे गळ्यावरून कळायचं. रामसेंच्या सिनेमात गाणी होतीच, पण ती वेगळ्या कामाची. भीतीचं खातं घुमणाऱ्या कीबोर्डकडे, प्रतिध्वनी दिलेल्या किंकाळीकडे आणि करकरणाऱ्या दाराकडे गेलं. १९९३ मध्ये रामसेंचा 'झी हॉरर शो' आणि १९९५ मध्ये 'आहट' आल्यावर तोच आवाज घरात शिरला. ज्यांचं बालपण त्या वर्षांतलं आहे, त्यांना शीर्षकसंगीताच्या आधीच आईच्या कुशीत शिरल्याचं आठवत असेल.

या सिनेमांना स्वस्त म्हणून हसण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. पैसा नसल्यामुळे कारपेंटरला जे सापडलं, तेच पैसा नसल्यामुळे रामसेंनाही सापडलं. एकाला दिग्गज म्हणायचं आणि दुसऱ्याची टिंगल करायची, यात संगीताचा संबंध कमी आहे.

वादक गेले कुठे?

पण त्या स्वस्ताईची किंमत कुणीतरी मोजली. ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओंत एका गाण्यासाठी पन्नासेक, कधी त्याहून जास्त वादक एकत्र बसायचे. त्यांत गोव्याचे ख्रिस्ती वादक होते, पारशी होते, प्यारेलाल यांचे वडील रामप्रसाद शर्मा यांच्या हाताखाली शिकलेले व्हायोलिनवादक होते. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने या लोकांवर 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तकच लिहिलंय. ८० चं दशक सरत आलं तसे सिंथेसायझर आणि अनेक पट्ट्यांवर वेगवेगळं ध्वनिमुद्रण आलं, आणि ही मोठी बैठक मोडली. एका कीबोर्डवाल्याने व्हायोलिनची अख्खी रांग वाजवली. ज्या गुणामुळे हा आवाज भीती घालतो, म्हणजे त्याच्यामागे माणूस नसणं, त्याच गुणामुळे तो निर्मात्याला परवडतो.

आज कीबोर्डवालाही लागेलच असं नाही. घुमारे फुकट उतरवून घेता येतात, चार शब्द लिहिले की एआय तयार करून देतो. यूट्यूबवर मराठी भूतकथा सांगणारे कितीतरी चॅनेल आहेत. सांगणारे वेगळे, गावं वेगळी, वड-पिंपळ वेगळे, आणि खालचा सूर बऱ्याचदा सारखाच. मोठ्या पडद्यावर अजून नीट काम होतं. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'चं (२०१८) पार्श्वसंगीत व्हिडिओ गेमसाठी ओळखले जाणारे जेस्पर किड यांनी केलं. सप्टेंबर २०२४ मध्ये सिनेमा पुन्हा लागला, तेव्हा त्याने पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली.

भयपट नसताना वाजणारा भयपट

भीतीचा सूर असा सुटा मिळायला लागला, की तो कशाच्याही खाली लावता येतो. गुन्ह्याच्या बातमीपत्रात तो रोज ऐकू येतो. दाखवायला असतं काय? बंद फाटक, पोलिसांची जीप, तीच क्लिप चार वेळा. बाकीचं काम तो सूर करतो.

हे नुसतं वाटणं नाही. २०१६ मध्ये अँड्र्यू नोसल आणि सहकाऱ्यांनी 'प्लॉस वन' या नियतकालिकात एक प्रयोग छापला. लोकांना शार्क पोहतानाची ६० सेकंदांची एकच चित्रफीत दाखवली. काहींना मागे भीतीदायक संगीत, काहींना प्रसन्न संगीत, काहींना शांतता. भीतीदायक संगीत ऐकलेल्यांचं शार्कबद्दलचं मत इतरांपेक्षा वाईट निघालं. शार्क तोच होता, नुसता पोहत होता.

शार्कच्या जागी एखादी वस्ती, एखादा संशयित, गावात नवीन आलेला माणूस ठेवून बघा. भयपटात आपण तिकीट काढून घाबरतो आणि दिवे लागले की घरी जातो. बातमीत तसा करार झालेला नसतो, आणि दिवेही लागत नाहीत.

कारपेंटरच्या सिनेमाची ती पहिली प्रेक्षक नकळत योग्य प्रयोग करून गेली होती. जऊळक्यात काय, कुठेही काय, तो करायला रिमोट पुरतो. आज रात्री गुन्ह्याची बातमी लागली की आवाज बंद करा आणि खालची ओळ वाचत नुसती दृश्यं बघा. जीप, फाटक, पुन्हा जीप.