घरमालक व्हायचंय? आधी करार नोंदवा

पुण्याच्या वाकड, हिंजवडी, खराडी या भागांत फ्लॅट बघायला गेलेल्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकवलं जातं: ‘भाडं येत राहील, हप्ता परस्पर फिटेल.’ दुसरं घर घेऊ पाहणारी नोकरदार मंडळी त्यावर भरवसा ठेवतात आणि तिथेच हिशोब चुकायला लागतो.

समजा, ६० लाखांचा टू बीएचके घेतला. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार, शिवाय नोंदणीचे ३० हजार. घर पडलं साडेचौसष्ट लाखांना. ४८ लाखांचं कर्ज साडेआठ टक्के व्याजानं २० वर्षांसाठी काढलं, तर महिन्याचा हप्ता ४१,६०० च्या पुढे जातो. भाडं आलं १८ हजार. उरलेले साडेतेवीस हजार पगारातूनच जाणार.

बरं, १८ हजारही पूर्ण हाती पडत नाहीत. भाडेकरू बदलताना घर महिनाभर रिकामं राहतं. एजंट एका महिन्याचं भाडं घेतो. सोसायटीचा मेंटेनन्स महिना अडीच हजार, मिळकतकर वर्षाला १२ हजार, रंग-नळ-गिझर मिळून १० हजार धरले, तर वर्षाअखेर १ लाख २८ हजार उरतात. साडेचौसष्ट लाखांवर हा परतावा २ टक्केही नाही. घराची किंमत वाढेल ही आशा वेगळी, ती भाड्याच्या हिशोबात धरू नये. आयकरात मिळकतकर वजा केल्यावर उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, हा दिलासा खरा. पण नव्या करप्रणालीत कर्जाच्या व्याजामुळे दिसणारा तोटा पगारातून वजा करता येत नाही, हे फ्लॅट विकणारे सांगत नाहीत.

म्हणून भाड्यासाठी घर त्यानंच घ्यावं, ज्याचं कर्ज थोडं आहे आणि जो दोन-तीन महिने भाड्याविना हप्ता भरू शकतो. वडिलोपार्जित किंवा कर्ज फिटलेला फ्लॅट ज्यांच्याकडे बंद पडून आहे, त्यांनी मात्र तो जरूर भाड्यानं द्यावा. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी आढळली होती. त्यामागचं एक मोठं कारण भीती हे आहे: ‘भाडेकरू घर बळकावेल.’

ही भीती हवेतली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठवली. गिरगाव-लालबागच्या चाळींचं भाडं इतकं तुटपुंजं राहिलं की मालकांनी दुरुस्तीच सोडून दिली, आणि १९६९ मध्ये त्यासाठी सरकारला वेगळ्या मंडळाचा कायदा करावा लागला. पुढे १९७३ च्या दुरुस्तीनं त्या वर्षी १ फेब्रुवारीला लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीवर, राहत असलेल्यांनाही भाडेकरूचं संरक्षण दिलं. ते ऐकून वाढलेली पिढी आजही कुलूप लावून बसते.

पण ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे आणि चित्र बदललं आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर कलम २४ नुसार मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दरानं भरपाईही मागता येते.

अट एकच, करार लेखी आणि नोंदवलेला हवा. इथे मराठी घरमालक विनाकारण कंजुषी करतात. ‘११ महिन्यांचाच करार आहे, स्टँप पेपरवर सह्या पुरे,’ हा समज या राज्यात साफ चुकीचा आहे. याच कायद्याचं कलम ५५ मुदत किती हे न बघता नोंदणी बंधनकारक करतं. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवण्याची जबाबदारी मालकावर. वरच्या उदाहरणात ११ महिन्यांच्या करारावरचं मुद्रांक शुल्क पाचशे रुपयांच्या आसपास आणि नोंदणी शुल्क १ हजार. आधार आणि बोटांचे ठसे देऊन हे काम घरबसल्या होतं.

किल्ली देतानाही घाई नको. भाडेकरूला घेऊन खोल्या फिरा, वीजमीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, गिझर चालू करून दाखवा, बाल्कनीच्या भिंतीवर ओल असेल तर कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. ही ओल न लिहिल्यामुळेच वर्षानं डिपॉझिटवरून भांडण जुंपतं. डिपॉझिट ही भाडेकरूची ठेव आहे, रंगकामाचा फंड नव्हे. २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यानं घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. तो राज्यांवर बंधनकारक नसला, तरी मालकांनी ती मर्यादा आपणहून पाळावी.

सोसायटीनं भाड्यानं दिलेल्या घरावर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस मनमानी लावले, तर २००१ चा शासन आदेश दाखवा: मिळकतकर वगळून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त आकारता येत नाहीत. आणि भाडेकरू अविवाहित आहे, अमुक धर्माचा आहे म्हणून दार बंद करणाऱ्या सोसायटीपुढे सभासद असलेल्या मालकानंच उभं राहायला हवं. भाडं त्याला मिळतं, बोलण्याची जबाबदारीही त्याचीच.

ज्यांचे भाडेकरू आजही नोंदणीविना राहत आहेत, त्यांनी पुढच्या नूतनीकरणाची वाट न पाहता करार याच महिन्यात नोंदवून घ्यावा. नोंदणी न केल्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि ती शिक्षा घरमालकाला होते.