मॅकिन्ली यांचे नाव, मॅकिन्ली यांचा विसर

६ ऑगस्ट २०२५ रोजी व्हाइट हाऊसमध्ये दोन गोष्टी घडल्या. अॅपलचे प्रमुख टिम कुक यांनी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांना काचेची एक तबकडी भेट दिली. तिची बैठक २४ कॅरेट सोन्याची होती. आयात केलेल्या संगणक-चिपवर शंभर टक्के शुल्क लावण्याचा इरादा ट्रम्प यांनी त्याच समारंभात जाहीर केला. मात्र जे उद्योग अमेरिकेत गुंतवणूक करतील त्यांना त्यातून सूट मिळेल, असेही सांगून टाकले. त्याच दिवशी रशियन तेलाच्या खरेदीचे निमित्त करून भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लावणारा आदेश निघाला आणि महिनाअखेरीस भारतावरील एकूण शुल्क ५० टक्क्यांवर गेले. तिरुपूर, सुरत आणि मुंबईच्या निर्यातदारांपाशी सोन्याची बैठक नव्हती, एवढाच काय तो फरक!

अमेरिकेच्या इतिहासात या दृश्याला पूर्वज आहे. यादवी युद्धानंतरच्या तीन-साडेतीन दशकांना तिथे ‘मुलामा दिलेले युग’ म्हणतात. मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर यांच्या १८७३ सालच्या कादंबरीच्या शीर्षकावरून हे नाव पडले. वर सोने, आत हिणकस धातू, हा त्यातला बोचरा अर्थ. ट्रम्प यांना मात्र हे युग आदर्श वाटते. १८७० ते १९१३ या काळात देश सर्वांत श्रीमंत होता आणि तो आयातशुल्कामुळे होता, असे ते वारंवार सांगत आले आहेत. २० जानेवारी २०२५ रोजी शपथविधीच्या भाषणात त्यांनी अध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांचा आवर्जून गौरव केला आणि अलास्कातील देनाली शिखराला पुन्हा मॅकिन्ली यांचे नाव देण्याचा आदेश काढला. प्रश्न शिखराच्या नावाचा नाही. ज्या धोरणाची झळ मुंबईच्या हिरेबाजारापर्यंत पोहोचली, त्याचे समर्थन ज्या इतिहासाने केले जाते, तो इतिहास खरोखर काय सांगतो, हा आहे.

मॅकिन्ली यांचे नाव ज्या कायद्याशी जोडले गेले तो १ ऑक्टोबर १८९० रोजी संमत झाला. त्या वेळी ते ओहायोतून निवडून आलेले प्रतिनिधी आणि करविषयक समितीचे अध्यक्ष होते. या कायद्याने शुल्कपात्र मालावरील सरासरी आकारणी ५० टक्क्यांच्या घरात नेली, हे सर्वज्ञात आहे. फारसे सांगितले जात नाही ते त्याचे अधिकृत शीर्षक. ‘महसूल घटवण्यासाठी’ केलेला कायदा, अशीच त्याची सुरुवात होते! अमेरिकी तिजोरीत तेव्हा तूट नव्हती, शिलकीचा पूर लोटला होता. सीमाशुल्काचा एवढा पैसा साठत होता की, १८८७च्या वार्षिक संदेशात अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी दुसरा विषयच घेतला नाही. दर कमी करून शिल्लक घटवावी, हे त्यांचे म्हणणे. मॅकिन्ली यांनी उलटी वाट धरली. सर्वाधिक उत्पन्न देणारी कच्ची साखर त्यांनी शुल्कमुक्त केली, देशी ऊसउत्पादकांना पौंडामागे दोन सेंट अनुदान दिले आणि इतर अनेक वस्तूंवरील शुल्क इतके चढवले की माल बंदरात यायचाच नाही. माल आला नाही तर शुल्कही येत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. किंबहुना हेतूच तो होता.

२०२५मध्ये सांगितले गेले ते याच्या नेमके उलट. परदेशी माल अडेल, कारखाने घरी परततील आणि शुल्काच्या पैशातून प्राप्तिकरही पुढेमागे रद्द करता येईल! एकच शुल्क माल अडवणार आणि तिजोरीही भरणार, ही कसरत मॅकिन्ली यांनी १८९०मध्ये केली नव्हती. शिवाय हिशेब जुळत नाही. प्राप्तिकराशिवाय चालणारे १८९०चे केंद्र सरकार आटोपशीर होते. त्या काँग्रेसने दोन वर्षांत मिळून सुमारे शंभर कोटी डॉलर खर्चाला मंजुरी दिली म्हणून ‘अब्ज डॉलरांची काँग्रेस’ अशी तिची हेटाळणी झाली. २०२४च्या आर्थिक वर्षात केंद्र सरकारचा खर्च पावणेसात लाख कोटी डॉलरच्या आसपास होता, तर त्या वर्षीची एकूण मालाची आयात साधारण सव्वातीन लाख कोटींची. आलेल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या किमतीएवढे शुल्क लावले आणि तरीही आयात तसूभर घटली नाही, असे अशक्य गृहीत धरले, तरी निम्माच खर्च भागतो.

१८९०च्या शुल्काचा भार कोणी उचलला, याचे उत्तर पाच आठवड्यांत मिळाले. पत्र्याच्या भांड्यांसाठी लागणारा कथिलाचा मुलामा दिलेला पत्रा तेव्हा प्रामुख्याने वेल्समधून येई. त्यावरील शुल्क पौंडाला एक सेंटवरून २.२ सेंट झाले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने स्वयंपाकघरातील महागाई हाच मुद्दा केला. प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन संख्याबळ जवळपास निम्म्यावर आले आणि खुद्द मॅकिन्ली यांची जागा गेली. मतदारसंघाची फेररचनाही त्यांच्या मुळावर आली होती, हे खरे. पण देशभरातील पराभवाला ते कारण पुरत नाही.

आयातशुल्क हे कामगाराच्या मजुरीचे कवच आहे, हा तेव्हाच्या रिपब्लिकन प्रचाराचा गाभा होता. १८९२च्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियातील होमस्टेड येथे त्याची परीक्षा झाली. अँड्र्यू कार्नेगी यांचा पोलाद उद्योग या संरक्षित भिंतीआड वाढला होता. मजुरीचा करार संपताच व्यवस्थापनाने दर कमी करायचे ठरवले, संघटनेशी बोलणी तोडली आणि कारखान्याला टाळे लावले. कार्नेगी स्कॉटलंडमध्ये होते. सूत्रे हेन्री क्ले फ्रिक यांच्याकडे होती. ६ जुलैला पिंकर्टन संस्थेचे तीनशे सशस्त्र लोक नदीमार्गे पाठवण्यात आले. झालेल्या लढाईत दोन्ही बाजूंची बहुधा दहा माणसे ठार झाली, नंतर राज्याचे सैनिक आले आणि संघटना मोडली. नऊ वर्षांनी कार्नेगी यांचा उद्योग ४८ कोटी डॉलरला विकला गेला. कवच होते, ते कोणाच्या अंगावर होते, एवढेच या घटनेने दाखवले.

याच काँग्रेसने त्याच वर्षी, २ जुलै १८९० रोजी, दुसरा एक कायदा केला होता. सेनेटर जॉन शर्मन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा मक्तेदारीविरोधी कायदा. एका हाताने परदेशी स्पर्धा हटवायची आणि दुसऱ्या हाताने देशी मक्तेदारीला दटावायचे, असा तो प्रकार होता. दटावणी बरीच वर्षे कागदावर राहिली. देशातील जवळपास सगळे साखर-शुद्धीकरण ताब्यात असलेल्या साखर ट्रस्टविरुद्धचा खटला १८९५मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरकार हरले. कारखान्यातील उत्पादन म्हणजे आंतरराज्य व्यापार नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. त्याआधी १८९४च्या पुलमन रेल्वे संपात मात्र हाच कायदा कामगार नेत्यांविरुद्ध मनाई हुकूम मिळवण्यासाठी उपयोगी पडला होता. या साऱ्यावर सर्वांत स्पष्ट साक्ष दिली ती साखर ट्रस्टचे प्रमुख हेन्री हॅवमायर यांनी. १८९९मध्ये सरकारी चौकशी आयोगापुढे त्यांनी सांगितले, की आयातशुल्काचा कायदा हीच सर्व ट्रस्टची जननी आहे. ट्रस्टच्या मालकानेच हे सांगितल्यावर विरोधकांना बोलायला उरले काय?

मग त्या काळातील अफाट वाढ आली कुठून? ती खोटी नव्हती. पोलादात अमेरिकेने ब्रिटनला मागे टाकले, १९००पर्यंत सुमारे एक लाख ९० हजार मैल लोहमार्ग पडले. पण उंच भिंत आणि वेगवान वाढ एकाच वेळी दिसली म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. व्यापारधोरणाचे अभ्यासक डग्लस अर्विन यांनी दाखवून दिले आहे, की या वाढीचा मोठा भाग लोकसंख्या आणि भांडवल यांच्या विस्तारातून आला, आणि उत्पादकता जिथे झपाट्याने सुधारली त्यांत रेल्वेसारखी, आयातीशी स्पर्धाच नसलेली क्षेत्रे ठळक होती. अॅटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत राज्याराज्यांत एकही जकात नाका नव्हता. रेल्वेसाठी लंडनचा पैसा येत होता. आणि माणसे येत होती. १८७० ते १९१३ या काळात दोन कोटींहून अधिक. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना दार बंद करण्यात आले, हा त्या युगाचा डाग. पण युरोपसाठी दार सताड उघडे होते. मालाला अडवणारी ती अमेरिका माणसांना घेत होती. २०२५मध्ये मालावर शुल्क चढले आणि सप्टेंबरात नव्या एच-१बी व्हिसा अर्जावर एक लाख डॉलरचा आकारही लागला. पुण्या-हैदराबादच्या अभियंत्यांना दार लोटून घेणाऱ्या देशाने त्या युगाचा दाखला द्यावा, हे विपरीतच आहे.

संरक्षक शुल्क हा शब्दच त्याज्य आहे, असे मात्र नव्हे. मराठी वाचकाला तर हा वाद परका नाही. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी १८९२मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात फ्रीडरिश लिस्ट यांच्या विचारांचा आधार होता. आणि लिस्ट यांनी ते धडे बऱ्याच अंशी अमेरिकेतील वास्तव्यात गिरवले होते. ब्रिटिश अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व देशांना सर्वकाळ लागू होत नाहीत, उद्योगात मागे पडलेल्या देशाला राज्यसंस्थेचा आधार लागतो, असे रानडे यांचे म्हणणे होते. ते परतंत्र, भांडवलहीन देशासाठी होते. जगातील सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थेने तेच औषध घेणे म्हणजे धडधाकट माणसाने बाळगुटी मागण्यासारखे आहे.

एक फरक प्रक्रियेचाही आहे. १८९०चे दर काँग्रेसने ठरवले. महिनोन्महिने वाद झाला, मते नोंदली गेली आणि मतदारांनी हिशेब चुकता केला. २०२५मध्ये १९७७च्या आणीबाणीविषयक कायद्याच्या आधारे अध्यक्षांच्या सहीने दर चढले-उतरले. कनिष्ठ न्यायालयांनी त्याच वर्षी ते बेकायदा ठरवले. दर एका सहीवर ठरतात, तेव्हा सवलतीसाठी जाण्याचे दारही एकच उरते. एप्रिल २०२५मध्ये स्मार्टफोन आणि संगणकांना अशीच सूट मिळाली.

आणि मॅकिन्ली? १८९६मध्ये ते अध्यक्षपदी निवडून आले, १८९७मध्ये दर पुन्हा वाढवणारा डिंग्ली कायदा त्यांनीच सही करून अमलात आणला. परंतु अमेरिकी कारखाने देशाच्या गरजेपेक्षा जास्त माल काढू लागले आणि तो खपवायला परदेशी बाजारपेठ लागणार, हे त्यांच्या ध्यानात आले. ५ सप्टेंबर १९०१ रोजी बफेलोच्या प्रदर्शनात केलेल्या भाषणात त्यांनी अलिप्ततेचा काळ संपल्याचे सांगितले, व्यापारयुद्धे तोट्याची असतात असे बजावले आणि परस्पर सवलतींच्या करारांचा पुरस्कार केला. दुसऱ्याच दिवशी त्याच प्रदर्शनात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. १४ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. असे काही करार त्यांच्या सरकारने आधीच करून सेनेटकडे पाठवले होते. संरक्षित उद्योगांच्या विरोधापुढे सेनेटने त्यांना मंजुरी दिली नाही.