विश्लेषण : देवावरचा विश्वास खरेच कमी होतो आहे का? भंडारा जिल्हा काय सांगतो?

फेब्रुवारी २०२७ मध्ये होणाऱ्या जनगणनेत प्रत्येकाला धर्म विचारला जाईल. देव मानता का, हे मात्र कोणी विचारणार नाही. जगातील अनेक देशांत ‘धर्म नाही’ असे सांगणाऱ्यांची संख्या वाढत असताना आपल्याकडे काय घडते आहे? तत्त्वज्ञांचा हा जुना वाद भंडाऱ्यासारख्या धान उत्पादक, ग्रामीण जिल्ह्यात वेगळ्याच रूपात दिसतो.

जगात चित्र काय?

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत ३७.२ टक्के लोकांनी ‘धर्म नाही’ असे नोंदवले. ख्रिस्ती असल्याचे सांगणारे ४६.२ टक्के होते. तिथे हे प्रमाण प्रथमच निम्म्याखाली गेले. भारतात चित्र उलटे आहे. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०१९-२० मध्ये सुमारे ३० हजार भारतीयांशी बोलून केलेल्या पाहणीत ९७ टक्के लोकांनी देव मानतो असे सांगितले. २०११ च्या जनगणनेत स्वतःहून ‘नास्तिक’ अशी नोंद करणारे देशभरात ३३ हजारांच्या आसपास होते. त्यातील साडेनऊ हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात होते. सव्वाशे कोटींच्या देशात हा आकडा नगण्य आहे.

मग वाद कशाचा?

याच पाहणीतील एक आकडा विदर्भाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. भारतीय बौद्धांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी आपण देव मानत नाही असे सांगितले. भंडारा जिल्ह्यात हिंदूंनंतर सर्वात मोठा समाज बौद्धांचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक भंडाऱ्यातूनच लढवली होती. त्यात त्यांचा पराभव झाला. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली, तेव्हा दिलेल्या २२ प्रतिज्ञांची सुरुवातच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्यापासून होते. म्हणजे इथे देव नाकारणे हे शहरी, इंग्रजी शिक्षणातून आलेले खूळ नाही. ते गावकुसाबाहेरून आले आणि त्यामागे माणसाला माणूस म्हणून वागवण्याची मागणी होती.

त्याची मुळेही खोल आहेत. पवनी येथे १९६९-७० मधील उत्खननात दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या स्तूपाचे अवशेष सापडले. जग निर्माण करणारा ईश्वर न मानणारा विचार वैनगंगेच्या काठाला नवा नाही. भारतीय दर्शनांतही चार्वाक, जैन, सांख्य आणि मीमांसक यांनी जगाच्या निर्मात्याची गरज वेगवेगळ्या कारणांनी अमान्य केली होती.

‘परमात्मा एक’ सेवक कुठे बसतात?

भंडारा जिल्ह्यात बाबा जुमदेवजी यांच्या ‘परमात्मा एक’ मार्गाचे सेवक मोठ्या संख्येने आहेत. ते एकच निराकार परमेश्वर मानतात, मूर्तिपूजा करत नाहीत आणि दारूपासून दूर राहण्याचा नियम पाळतात. आजारपण, व्यसन किंवा घरातील अडचण यांतून अनेक जण या मार्गात येतात. शेजाऱ्याच्या नजरेत त्यांनी ‘देव सोडले’, तर त्यांच्या मते त्यांना खरा देव सापडला.

मार्च २०२४ मध्ये मोहाडी येथील कथेत बागेश्वर धामचे धीरेंद्र शास्त्री यांनी बाबा जुमदेवजी यांच्याविषयी केलेल्या वक्तव्यावरून सेवक संतप्त झाले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. हा आस्तिक विरुद्ध नास्तिक असा वाद नव्हता. दोन्ही बाजू देव मानणाऱ्याच होत्या. देव कसा मानायचा आणि दुसऱ्याच्या श्रद्धास्थानावर बोलण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न होता. ‘श्रद्धा घटली का’ या प्रश्नाला ‘कोणती श्रद्धा’ हा प्रतिप्रश्न करावा लागतो, तो यामुळेच.

तत्त्वज्ञ काय म्हणतात?

आधुनिकता वाढली की धर्म मागे पडतो, असे समाजशास्त्रात दीर्घकाळ मानले गेले. जगातील चमत्काराची जागा हिशेब आणि नियम घेतात, असे मॅक्स वेबर यांचे म्हणणे होते. पुढे पीटर बर्गर यांनी स्वतःचाच हा सिद्धांत मागे घेतला, कारण जगाचा मोठा भाग धार्मिकच राहिला. चार्ल्स टेलर यांनी २००७ मध्ये वेगळी मांडणी केली : पूर्वी देव न मानणे जवळजवळ अशक्य होते, आता देव मानणे हा अनेक पर्यायांपैकी एक आहे.

पिपा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट यांनी श्रद्धेचा संबंध सुरक्षिततेशी जोडला. आजारपण, भूक, अकाली मृत्यू यांची भीती जिथे कमी, तिथे धर्माची गरज कमी भासते. पावसाने ओढ दिली की धान जाते आणि वैनगंगेला पूर आला की घर जाते, अशा जिल्ह्यात नवस टिकून राहण्याचे एक कारण यात सापडते. पण हे उत्तर अपुरे आहे. अमेरिका श्रीमंत असूनही दीर्घकाळ धार्मिक राहिली आणि आपल्याकडेही सुस्थितीतील शहरी घरांत व्रतवैकल्ये कमी झालेली नाहीत.

देवाचा कारभार कमी झाला का?

एक उदाहरण भाषेतच आहे. मराठीत एका रोगाचे नावच ‘देवी’ होते. अंगावर फोड आले की ‘देवी आल्या’ म्हणत आणि त्यावर उपाय म्हणजे मातेला शांत करणे. लस आली, १९७५ मध्ये भारतातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. रोग गेला, पण मातेची मंदिरे ओस पडली नाहीत. मोहाडीच्या चौंडेश्वरी मातेच्या दर्शनाला आजही रांगा लागतात. देवीकडून रोगाचे खाते गेले, भक्ती राहिली.

दुसरे उदाहरण वेदनादायी आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बाळांचा मृत्यू झाला. दयाळू आणि सर्वशक्तिमान देव असताना निष्पाप जीव का जातात, हा तत्त्वज्ञानातील सर्वात अवघड प्रश्न. ‘मागच्या जन्मीचे कर्म’ हे त्यावरचे आपल्याकडचे जुने उत्तर. मात्र त्या दिवशी जिल्ह्याने विचारलेले प्रश्न वेगळे होते : अग्निसुरक्षेची तपासणी झाली होती का, कक्षात कोण हजर होते, जबाबदार कोण? देवाला विचारायचा प्रश्न प्रशासनाला विचारला गेला. श्रद्धाळू माणसानेही तोच विचारला. बदल झाला असेल तर तो इथे दिसतो.

विवेकवाद्यांची भूमिका काय?

महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकरांपासून डॉ. श्रीराम लागू यांच्यापर्यंत देवाच्या कल्पनेवर थेट टीका करणारी परंपरा आहे. देवाला निवृत्त करण्याची लागूंची भाषा गाजली होती. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः नास्तिक होते, पण त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध देवधर्माला नव्हे, त्याच्या नावाने होणाऱ्या शोषणाला होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. हा कायदा पूजा, वारी, कीर्तन यांना हात लावत नाही. करणीच्या संशयावरून छळ, अघोरी उपचार, भोंदूगिरी हे त्याचे लक्ष्य आहे.

आस्तिकांचा युक्तिवादही दुर्लक्षून चालणार नाही. देव गेला तर दुःखात आधार कोण देणार आणि दारू सोडण्याची शपथ कोणाच्या साक्षीने घ्यायची, असा त्यांचा सवाल आहे. देवाविना नीती शक्य आहे, हे बौद्ध विचार दाखवतो. पण त्यासाठीही विहार, संघ आणि एकमेकांना धरून राहणारी माणसे लागतात.

धर्म न मानणाऱ्यांचा हक्क काय?

मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये रणजीत मोहिते प्रकरणात स्पष्ट केले की, कोणताही धर्म न मानण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ मध्येच आहे आणि धर्म सांगण्याची सक्ती सरकार करू शकत नाही. व्यवहारात अडचण उरते. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच आहे. निधर्मी व्यक्तीचा त्यात उल्लेख नाही. त्यामुळे देव न मानणारा तरुणही प्रमाणपत्र, सवलती आणि घरच्यांचा विचार करून धर्माचा रकाना भरतो.

म्हणूनच जनगणनेतील आकड्यांवरून श्रद्धा वाढली की घटली, हे ठरवणे कठीण आहे. ‘हिंदू’ लिहिणाऱ्यांत कर्मठ आहेत, ‘परमात्मा एक’चे सेवकही असू शकतात आणि कधीच मंदिरात न जाणारेही. ‘बौद्ध’ लिहिणाऱ्यांत देव न मानणारे आहेत आणि मानणारेही. प्रगणक दारात येईल तेव्हा कुटुंबातील प्रत्येकाच्या मनातले उत्तर एकच असेल असे नाही. ते मोकळेपणाने सांगता यावे, एवढी मोकळीक त्या घरात आणि गावात आहे का, यावर या चर्चेचे खरे मोल ठरेल.